प्रेअरीतला झेंडू: झाड कंबरेएवढं, फूल एकही नाही. दर वर्षीच्या या तक्रारीचं निवारण

कॅल्गरी, एडमंटन, सॅस्काटून, रेजायना, विनिपेग. कॅनडाच्या या सपाट, गवताळ पट्ट्यात, म्हणजे प्रेअरीत, राहणाऱ्या मराठी घरांत झेंडूची तक्रार दर वर्षी थोड्याफार फरकाने तीच असते. एप्रिलमध्ये बी पेरलं, मेच्या शेवटी रोपं बाहेर लावली, जुलैत झाड हिरवंगार झालं, ऑगस्टमध्ये कंबरेला लागलं. कळ्या दिसायला लागल्या तोवर गणपती उरकले, आणि सप्टेंबरच्या मध्यावर एका गोठवणाऱ्या रात्रीत सगळं काळं पडलं. दोष थंडीला दिला जातो. पुढच्या वर्षी खत वाढवलं जातं, त्याने पानं आणखी वाढतात आणि फुलं आणखी लांबतात.

थंडी शेवटी झाड मारते हे खरं, पण फूल लांबतं ते बहुतेक वेळा दिवसाच्या लांबीमुळे. ती चूक एप्रिलमध्ये, घरातल्या दिव्याखाली झालेली असते. म्हणून आधी ते नीट पाहू. थंडी, वारा, कीड हे त्यानंतर.

फूल उशिरा का येतं

हारातला मोठा गोंड्याचा झेंडू, ज्याला बियांच्या पाकिटावर आफ्रिकन म्हणतात, तो लहान दिवसाला लवकर कळी धरतो. मोठ्या दिवसातही तो कधीतरी फुलतो, पण आधी भरपूर वाढून घेतो. उंच जातींत हा स्वभाव जास्त दिसतो, बुटक्या जातींत कमी. लहान फुलांचा मखमल, म्हणजे फ्रेंच झेंडू, दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा करत नाही.

आता दोन्हीकडचे दिवस शेजारी ठेवून पाहा. मुंबई-पुण्यात जूनमधला सर्वांत मोठा दिवसही साधारण सव्वातेरा तासांचा असतो. सणांसाठीचा झेंडू तिथे पावसाळ्यात लागतो आणि दिवस लहान होत जातानाच वाढतो, त्यामुळे दसऱ्याला तो बरोबर हाताशी येतो. कॅल्गरीत जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस साडेसोळा तासांचा असतो, एडमंटनला सतरा. तो तेरा तासांवर येतो सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, आणि त्याच सुमाराला पहिली गोठवणारी रात्र येते. फुलायचा इशारा आणि मरणाची तारीख एकाच पंधरवड्यात पडतात.

त्यात गावाकडून आणलेलं बी असेल तर गणित आणखी बिघडतं. भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा नारंगी गेंदा ही जात तिकडेच पेरणीपासून फुलापर्यंत साधारण सव्वाशे ते एकशे पस्तीस दिवस घेते, पुसा बसंती त्याहून थोडे जास्त. प्रेअरीत गोठवणाऱ्या रात्री नसलेला काळ बहुतेक ठिकाणी 110 ते 120 दिवसांचा. घरात सात-आठ आठवडे रोप वाढवून घेतलं तरी मोठ्या दिवसाचा उशीर वर चढतो, तो पुरून उरतो. आणखी एक अडचण म्हणजे दसऱ्याच्या हारातली फुलं वाळवून काढलेलं बी. ते संकरित जातीचं असलं तर झाड आईसारखं निघेलच असं नाही, आणि काही फुलांत भरलेलं बी नसतंच. सामानातून बी आणायचं तर कॅनडात उतरल्यावर ते जाहीर करावं लागतं. एवढं करूनही इथल्या हंगामात न बसणारी जातच हाती येते, त्यामुळे इथे मिळणारं बी घेणं हे साधं शहाणपण आहे.

दिव्याची चूक

घरात रोपं वाढवण्याच्या जवळपास प्रत्येक सल्ल्यात लिहिलेलं असतं की दिवे चौदा ते सोळा तास चालू ठेवा. टोमॅटो-मिरचीला ते बरोबर आहे. झेंडूचा ट्रे त्याच रॅकवर, त्याच टायमरखाली ठेवला जातो. रोप दणकट होतं, गर्द हिरवं होतं, पण आयुष्याच्या पहिल्या दिवसापासून त्याला उन्हाळा मोठा आहे, फुलायची घाई नाही, हेच शिकवलं जातं. खिडकीत ठेवलं तरी सुटका नाही. 10 एप्रिलच्या सुमाराला कॅल्गरीचा दिवस सव्वातेरा तासांच्या पुढे गेलेला असतो, आणि संध्याकाळी खोलीतला दिवा लागला की रोपाच्या लेखी दिवस तसाच पुढे चालू राहतो.

उपाय रोपवाटिकांमध्ये जुना आहे. उंच आफ्रिकन झेंडूचं बी फेब्रुवारीच्या मध्यानंतर पेरलं असेल, तर उगवल्यापासून दोन आठवडे रोपांना रोज फक्त नऊ तास उजेड द्यायचा. घरी ते असं करता येतं:

पेरणी 1 ते 10 एप्रिलच्या दरम्यान. ट्रेमध्ये बी पेरायचं मिश्रण, बागेतली माती नको. बी अर्धा सेंटिमीटर खोल, वरून हलकं झाकलेलं. मिश्रण 21 ते 24 अंशांवर राहिलं तर चार ते सात दिवसांत उगवण होते. तळघरातली फरशी बऱ्याचदा 16-17 अंशांवर असते, तिथे ट्रेखाली हीट मॅट, म्हणजे ऊब देणारी विजेची चटई, लागते. नाहीतर उगवण रेंगाळते आणि बी कुजतं.

अर्ध्याहून जास्त रोपांनी दोन्ही बीजपत्रं, म्हणजे उगवताना येणारी पहिली दोन पानं, उघडली की हीट मॅट काढा आणि मोजणी सुरू करा. सकाळी 8 ते संध्याकाळी 5 दिवा चालू. 5 वाजता ट्रेवर पुठ्ठ्याचं जाड खोकं उलटं ठेवा किंवा रॅकचा तो एकच कप्पा काळ्या कापडाने चारी बाजूंनी झाका. सकाळी 8 वाजता काढा. असे चौदा दिवस, मध्ये खाडा नाही. बहुतेकांचं इथेच बिनसतं, कारण शनिवार-रविवारी खोकं विसरतं किंवा शेजारच्या कप्प्यातल्या टोमॅटोचा दिवा फटीतून आत येतो. परीक्षा सोपी आहे: रात्री झाकलेल्या जागेत ट्रेच्या उंचीवर वर्तमानपत्राचा मजकूर वाचता आला, तर उजेड जास्त आहे.

हे नऊ तास मात्र भरपूर उजेडाचे हवेत. एलईडी ट्यूब रोपाच्या शेंड्यापासून 10 ते 15 सेंटिमीटरवर ठेवा, रोप वाढेल तशी वर घ्या. खोक्याखाली हवा कोंडते, म्हणून पाणी सकाळी, आणि तेही ट्रेमध्ये खालून द्यायचं. अर्ध्या तासात जे शोषलं जाणार नाही ते ओतून टाकायचं. संध्याकाळी पाणी घालून वर खोकं ठेवलं की रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडतात. ही मर बुरशीची आहे आणि आडवं पडलेलं रोप परत उभं राहत नाही. तेवढी उचलून फेका, एक छोटा पंखा दिवसा मंद लावून ठेवा, बाकीची वाचतात.

या दोन आठवड्यांत रोपं थोडी मागे पडल्यासारखी दिसतील. घाबरून खत घालू नका. पंधराव्या दिवसापासून उजेड चौदा तासांवर न्या, खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की 8-9 सेंटिमीटरच्या कुंडीत हलवा, आणि पाण्यात विरघळणारं खत पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्म्याने आठवड्यातून एकदा द्या. क्रॅकरजॅकसारखी उंच जात अशी वाढवली की फूल जुलैत दिसायला लागतं. एरवी तीच जात ऑगस्ट गाठते.

एवढा खटाटोप करायचा नसेल तर जात बदला. इन्का किंवा अँटिगासारख्या बुटक्या आफ्रिकन जातींना मोठ्या दिवसाचा त्रास कमी होतो, गोंडा मोठाच येतो, फक्त दांडा आखूड असतो. हारासाठी दांडा लागतो कुठे! आफ्रिकन आणि फ्रेंच यांच्या संकरातून आलेल्या झेनिथसारख्या जाती बी धरत नाहीत, त्यामुळे एकदा फुलायला लागल्या की थांबत नाहीत. मात्र त्यांची उगवण कमी असते, म्हणून बी दीडपट पेरा. नुसत्या रंगाची गरज असेल तर मखमलाच्या बोनान्झा किंवा डुरँगो जाती सर्वांत बिनघोर.

शेवंतीबद्दलही विचारलं जातं. ती दिवसाच्या लांबीला झेंडूहून कितीतरी जास्त बांधलेली आहे. प्रेअरीत सणासाठी शेवंती बियांपासून वाढवायच्या फंदात पडू नये, सप्टेंबरमध्ये दुकानांत कळ्यांनी भरलेल्या कुंड्या येतात त्या घ्याव्यात.

जुलै उजाडला आणि कळी नाही

आधी कळी खरंच नाही ना ते पाहा. शेंड्याची सर्वांत कोवळी दोन पानं बोटांनी हलकेच बाजूला करा. मध्ये पिनच्या डोक्याएवढा, बोटाला कडक लागणारा हिरवा गोल मणी असेल तर ती कळी आहे. तिथून फूल उमलायला तीन ते चार आठवडे. तिथे नुसती दुमडलेली, मऊ, पिसासारखी पानंच असतील तर झाड अजून वाढीच्या नादात आहे.

कुंडीतल्या झाडांना इथूनही वाचवता येतं. रोज संध्याकाळी 7 वाजता कुंड्या अंधाऱ्या गॅरेजमध्ये, सकाळी 8 वाजता बाहेर. पंधरा दिवस. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू केलं तर ऑगस्टअखेर फुलं मिळायची चांगली आशा असते. वाफ्यातल्या झाडांवर मोठी बादली उलटी घालून हेच करता येतं, पण प्रेअरीत जुलैत संध्याकाळी 7 ला ऊन चांगलंच तापलेलं असतं आणि काळ्या बादलीखाली झाड शिजतं. पांढरी बादली घ्या आणि तिच्यावर आणखी एक जाड कापड टाका. सात-आठ झाडांपुरताच हा उद्योग जमतो.

शेंडा खुडू नका. महाराष्ट्रात लावणीनंतर शेंडा खुडतात, त्याने फांद्या वाढतात आणि तोडे जास्त मिळतात. तिथे हंगाम लांब आहे. इथे खुडण्याने पहिलं फूल दोनेक आठवडे पुढे जातं, आणि ते दोन आठवडे आपल्याकडे नसतात. खुडायचंच असेल तर मखमल, तोही कुंडीत असताना, मेच्या आधी.

नत्र (नायट्रोजन) बंद करा. लॉनच्या खताच्या पिशवीवर तीन आकडे असतात, त्यातला पहिला नत्राचा आणि तो बहुतेक वेळा मोठा असतो. लॉनला खत देताना स्प्रेडरचे दाणे कडेच्या वाफ्यात उडतात. कडेची झाडं गर्द हिरवी नि बिनफुलाची, आतली फुललेली, असं दिसलं तर कारण हेच.

बाहेर लावल्यावर आठवड्यात रोपाची वाढ थांबली

व्हिक्टोरिया डेचा लाँग वीकेंड, म्हणजे 18 ते 24 मेच्या दरम्यानचा सोमवार, हा लावणीचा मुहूर्त मानला जातो. पेटुनिया-पॅन्सीला तो चालतो. झेंडूला तो एक आठवडा लवकर पडतो. झेंडूची लावणी तारखेवर न करता मातीच्या तापमानावर करा: स्वयंपाकघरातला प्रोब असलेला थर्मामीटर सकाळी 8 वाजता 10 सेंटिमीटर खोल खुपसा, सलग तीन दिवस 12-13 अंश दिसले की लावा. कॅल्गरीत हे बहुतेक मेचा शेवट किंवा जूनचा पहिला आठवडा. दक्षिणेकडच्या भिंतीलगत थोडं आधी.

थंड मातीत लावलेल्या रोपाची खालची पानं जांभळट होतात आणि ते जागचं हलत नाही. मातीत स्फुरद (फॉस्फरस) असतं, गारठलेल्या मुळांना ते उचलता येत नाही. खत घालून फायदा नाही, माती तापली की नवी पानं हिरवी येतात. तोवर थांबा.

पानांवर पांढरे, कागदासारखे डाग पडले असतील तर ते उन्हाचे. कडा करपून कुरकुरीत झाल्या असतील तर वाऱ्याचे. कॅल्गरी समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे, ऊन प्रखर असतं, आणि मे महिन्यात दुपारी हवा इतकी कोरडी असते की घरात वाढलेलं पान तासाभरात पाणी गमावतं. म्हणून रोपं कणखर करायला पूर्ण आठ-दहा दिवस द्या. पहिले दोन दिवस उत्तर बाजूच्या सावलीत दोन तास, मग सकाळचं ऊन एक तास, मग रोज एकेक तास वाढवत. वारा ताशी 30 किलोमीटरच्या वर असेल त्या दिवशी ट्रे आत. रात्रीचं तापमान 8 अंशांच्या वर असलं की शेवटच्या दोन-तीन रात्री बाहेर. दक्षिण अल्बर्टात चिनूक, म्हणजे रॉकी डोंगरांवरून उतरणारा उबदार वारा, सुटला की एका दुपारी उन्हाळा आल्यासारखं वाटतं. त्या उबेला भुलून रोपं एकदम उन्हात मांडली जातात, आणि नुकसान वाऱ्याने होतं.

लावताना रोप कुंडीत होतं तेवढंच खोल बसवा. पीटच्या, म्हणजे कुजलेल्या शेवाळाच्या, कुंडीसकट लावत असाल तर मातीच्या वर राहिलेली तिची कड फाडून टाका. ती कड वातीसारखी ओलावा वर ओढून वाऱ्याला देते आणि मुळाचा गोळा कोरडा पडतो. अंतर मखमलाला 20-25 सेंटिमीटर, बुटक्या आफ्रिकनला 30, उंचाला 40 ते 45. उंच जातींना लावतानाच काठी रोवा, नंतर रोवलेली काठी मुळं तोडते.

माती, पाणी आणि एक उलटा सल्ला

विनिपेग आणि रेजायनाची माती जड, चिकट. कॅल्गरीच्या नव्या वसाहतींत वर वीतभर काळी माती आणि खाली यंत्रांनी दाबलेली चिकणमाती. ओली असताना खणली की ढेकळं विटेसारखी होतात. मूठभर माती दाबा, बोटाने टोचल्यावर भुरभुरली तर वाफसा आहे, खणा. लाडवासारखी घट्ट राहिली तर दोन दिवस थांबा. वर 5 सेंटिमीटर कंपोस्ट पसरून फावड्याच्या पात्याएवढ्या खोलीपर्यंत मिसळणं पुरतं.

या भागात मातीचा सामू (पीएच, सातच्या खाली आम्ल) बऱ्याच ठिकाणी साडेसातच्या वर असतो. त्यामुळे पेटुनियाची नवी पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहतात, ही लोहाची कमतरता. त्यावर लोहाचं खत किंवा माती आम्ल करणारं खत सांगितलं जातं. पेटुनियाला ते ठीक. तोच डोस सरसकट झेंडूला देऊ नका. आफ्रिकन झेंडू लोह आणि मँगनीज हावरटासारखं उचलतो. कुंडीतल्या पीटच्या मिश्रणाचा सामू सहाच्या खाली गेला की त्याच्या पानांवर तांबूस-तपकिरी बारीक ठिपके उठतात, पानं वाकडी होतात, शेंडा करपतो. बऱ्याचदा हा रोग समजून बुरशीनाशक मारलं जातं. कुंडीत असे ठिपके दिसले तर आम्ल खत बंद करा आणि नळाचं पाणीच वापरा. आपल्या भागातलं क्षारांचं जड पाणी इथे उपयोगी पडतं, सामू हळूहळू वर येतो.

पाऊस कमी. कॅल्गरीत वर्षभरात बर्फ धरून 400 मिलिमीटरच्या आसपास, सॅस्काटूनला त्याहून कमी. रोज वरवर शिंपडण्याने मुळं वरच राहतात आणि जुलैत झाड दुपारी मान टाकतं. आठवड्याला 25 मिलिमीटर पाणी, दोन हप्त्यांत, सकाळी, बुंध्याशी. स्प्रिंकलर असेल तर वाफ्यात रिकामा ट्यूनाचा डबा ठेवून मोजा. भिंतीला लागून असलेल्या वाफ्यावर छताच्या वळचणीमुळे पाऊस पडतच नाही, त्याला पावसाच्या दिवशीही पाणी लागतं. लावणीनंतर महिन्याने, माती तापल्यावर, वाळलेल्या गवताचं 4-5 सेंटिमीटर आच्छादन घाला. त्या लॉनवर तणनाशक मारलेलं असेल तर ते गवत चुकूनही वापरू नका, शेंडे पिळवटून वाकडे होतात.

जुलै-ऑगस्टमधल्या खुणा

पानं राखाडी, धुळकट दिसतात, बारीक पिवळे ठिपके, शेंड्याला जाळीसारखे धागे. हा कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारा माइट. कोरड्या, तापलेल्या हवेत झेंडूवर तो हटकून येतो, त्यातही भिंतीजवळच्या झाडांवर. पांढऱ्या कागदावर फांदी झटका, पडलेले ठिपके चालायला लागले तर खात्री. पाण्याची जोरदार फवार पानांच्या खालून, दर दोन-तीन दिवसांनी, दोन आठवडे. जास्त असेल तर कीटकनाशक साबण, संध्याकाळी, पानांची खालची बाजू ओली होईल असा, आठवड्याच्या अंतराने तीनदा. साधं कीटकनाशक मारू नका. कोळी कीटक नाही, औषधाने त्याला खाणारे कीटक मरतात आणि तो फोफावतो.

कोवळी रोपं रात्रीत खाल्ली गेली आणि चिकट, चमकता माग दिसला तर गोगलगाय. माग नसेल तर इअरविग, म्हणजे शेपटीला चिमटा असलेला किडा. टॉर्च घेऊन रात्री 11 ला पाहिलं तर दोघंही सापडतात. ओल्या वर्तमानपत्राची गुंडाळी वाफ्यात ठेवा, सकाळी साबणाच्या पाण्यात झटका.

आता ज्याची चुकीची ओळख सर्वांत जास्त होते ते. कळी येते, पण उघडली की पाकळ्यांच्या जागी हिरवी, पानांसारखी रचना. फूल एका बाजूला नीट, दुसऱ्या बाजूला हिरवं. बगलेतून पिवळट, बारीक, झाडूसारख्या फांद्या. हा अ‍ॅस्टर यलोज. फायटोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्मजीवाने होतो आणि तुडतुडे तो पसरवतात. हे तुडतुडे वसंतात दक्षिणेकडच्या वाऱ्यांबरोबर अमेरिकेतून प्रेअरीत येतात. उपाय नाही. खत, लोह, छाटणी कशानेच ते फूल पुन्हा केशरी होणार नाही. झाड मुळासकट उपटा, त्याच दिवशी, आणि आसपासची डँडेलियनसारखी तणंही काढा, कारण रोग त्यांतही राहतो. शेजारची झाडं निरोगी दिसत असतील तर ती ठेवा. हा रोग हाताने किंवा कात्रीने पसरत नाही.

गारपीट. कॅल्गरीच्या ईशान्य भागाला 13 जून 2020 आणि 5 ऑगस्ट 2024 ला जो तडाखा बसला त्यापुढे कुठलीच जाळी टिकत नाही. नेहमीच्या हरभऱ्याएवढ्या गारांसाठी मात्र गारेहून बारीक चौकोनाची लोखंडी जाळी वाफ्यावर 60-70 सेंटिमीटर उंच चौकटीवर बसवली तर झाड वाचतं. गारांनंतर लगेच छाटू नका. दोन दिवस थांबा, कुठला शेंडा जिवंत आहे ते दिसतं, मग फाटकी पानं नि मोडक्या फांद्या काढा. जूनमध्ये मुख्य खोड मोडलं असेल तर नर्सरीतून फुलावर आलेलं मखमलाचं रोप आणून लावणं हाच लवकरचा मार्ग.

गणपती ते दसरा

फुलं येऊ लागली की सुकलेला गोंडा देठासह काढत राहा, बी धरलं की पुढच्या कळ्या मंदावतात.

ऑगस्टच्या शेवटापासून हवामानाचा अंदाज रोज पाहा. अंदाजातलं तापमान जमिनीपासून दीडेक मीटर उंचीवरचं असतं. निरभ्र आकाश, वारा पडलेला आणि अंदाज 2-3 अंशांचा असेल, तर वाफ्यातल्या पानांवर शून्याखाली जातं. हवा कोरडी असल्याने रात्री उष्णता भरभर निघून जाते. अशा दिवशी दुपारी मातीला पाणी द्या, ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते. सूर्य मावळायच्या आधी जुन्या सुती चादरी झाडांवर टाका, कडा जमिनीला टेकवून विटा ठेवा. जमिनीतून येणारी ऊब अडवायची असते, त्यामुळे झाडाच्या फक्त डोक्यावर टोपीसारखी बांधलेली चादर काही उपयोगाची नाही. प्लॅस्टिक पानाला टेकलं की तिथेच पान गोठतं. चादरीने दोन-तीन अंश सांभाळले जातात. उणे 4 ची रात्र असेल तर झाकण्यात वेळ न घालवता सगळी उमललेली फुलं तोडा.

सणाच्या तारखा इथल्या हंगामाशी दर वर्षी वेगळ्या जुळतात. 2027 मध्ये गणेश चतुर्थी 4 सप्टेंबरला आहे, वाफ्यातला झेंडू सहज पुरतो. 2026 मध्ये अधिक मासामुळे ती 14 सप्टेंबरला आणि दसरा थेट 20 ऑक्टोबरला. अशा वर्षी दसऱ्याचं तोरण वाफ्यावर सोपवू नका. त्यासाठी बुटक्या आफ्रिकन जातीची वेगळी पेरणी जूनच्या शेवटी करा, 25-30 सेंटिमीटरच्या कुंड्यांत, तोरणाला दहा-बारा झाडं धरून. कळ्या सप्टेंबरमध्ये धरतात. रात्री 4 अंशांखाली जाणार असेल तेव्हा कुंड्या गॅरेजमध्ये, दिवसा उन्हात. ऑक्टोबरमध्ये दिवसही गारठले की दक्षिणेच्या खिडकीशी. आत घेण्याआधी पानं खालून पाहा, कोळी असेल तर आधी धुऊन काढा, नाहीतर घरातल्या उबेत आठवड्यात सगळ्या कुंड्यांवर पसरतो.

तोडलेली फुलं ठेवायची तर दव सुकल्यावर, पूर्ण उमललेली, कोरडी तोडा. धुऊ नका. डब्यात कागद घालून फुलांचा एकच थर, वर कागद, झाकण लावून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. आठवडाभर चांगली राहतात. सफरचंदं त्या कप्प्यात नकोत, त्यांच्यातून निघणाऱ्या वायूने फुलं लवकर उतरतात. हार ओवायच्या दोन तास आधी बाहेर काढा आणि डब्याचं झाकण उघडून ठेवा, म्हणजे पाकळ्यांवर जमलेलं पाणी सुकतं आणि दोरा भरताना गोंडा सुटत नाही.